लंडनच्या टॉवरमधील चॅपेल व त्याचा जीर्णोद्धार

लंडन शहराच्या पूर्व अंगास, थेम्स नदीच्या उत्तर तीरावर जो पुरातन किल्ला उभा आहे, त्याला इंग्रज लोक नुसतें 'टॉवर' असें म्हणतात. विल्यम दि काँकरर या राजानें अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आरंभिलेला पांढरा बुरूज, राजघराण्याचें जवाहीर, पाळलेले डोमकावळे आणि जुन्या वळणाच्या पोषाखांतले पहारेकरी एवढें पाहून बहुतेक प्रवासी समाधान पावतात. परंतु पांढऱ्या बुरुजाच्या वायव्येस, लहानशा हिरवळीच्या पलीकडे, एक बुटकी व साधी दगडी इमारत आहे. तिच्यांत उंच शिखर नाहीं, भव्य कमानी नाहींत. एखाद्या खेडेगांवांतील चर्च उचलून किल्ल्यांत आणून ठेवावें, तसें तिचें रूप आहे. इंग्लंडच्या इतिहासांतील अत्यंत दुःखद प्रकरणांचीं शेवटचीं पानें या इमारतीच्या फरशीखालीं मिटलेलीं आहेत.

तिचें नांव 'सेंट पीटर अॅड व्हिंक्युला', म्हणजे साखळदंडांतील संत पीटरचें चॅपेल. हेरॉड राजानें पीटरला बेड्या घालून बंदींत टाकलें असतां रात्रीं देवदूत आला आणि बेड्या आपोआप गळून पडल्या, अशी बायबलांत कथा आहे. राजबंद्यांच्या किल्ल्यांतील देवालयाला हें नांव किती समर्पक, असें ऐकणाऱ्यास वाटतें. परंतु हा केवळ योगायोग होय. किल्ल्याची तुरुंग म्हणून अपकीर्ति होण्याच्या किती तरी पूर्वींपासून हें नांव चालत आलें आहे.

येथें एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे, कारण पुष्कळांचा या बाबतींत घोटाळा होतो. टॉवरमध्यें चॅपेलें दोन आहेत. एक पांढऱ्या बुरुजाच्या पोटांत, जाड गोल खांबांचें, संत जॉनच्या नांवाचें. तें राजा व त्याचा परिवार यांच्यासाठीं होतें. दुसरें हें संत पीटरचें. तें प्रथम किल्ल्याच्या तटाबाहेर होतें व आसपासच्या वस्तीचें साधें चर्च होतें. तेराव्या शतकांत तिसऱ्या हेन्री राजानें तट पुढें सरकविला, तेव्हां हें चर्च आपोआप किल्ल्याच्या आंत आलें. घर हललें नाहीं, पण कुंपण हललें आणि घराचा धनी बदलला, असा तो प्रकार झाला. त्या राजाला रंगकामाची व मूर्तिकामाची मोठी हौस होती. १२४० च्या सुमारास त्यानें या चर्चांतील चित्रें व राजाराणीचीं आसनें यांविषयीं बारीकसारीक हुकूम सोडले. पुढें १२८६-८७ सालीं पहिल्या एडवर्डनें तें नव्यानें बांधलें. १५१२ मध्यें त्याला आग लागली आणि आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५२० च्या सुमारास, आज दिसणारी इमारत पुरी झाली. मुख्य दालन, त्याला लागून उत्तरेस दुसरें समांतर दालन, मध्यें चपट्या कमानींची रांग आणि वर चेस्टनटच्या लांकडाचें छत, एवढाच तिचा पसारा.

ज्या राजाच्या अमलांत ही इमारत उभी राहिली, त्याच्याच दोन राण्यांना पुढें तिच्याच फरशीखालीं पुरावें लागलें. बांधकाम करणाऱ्या गवंड्यांस याची स्वप्नांतहि कल्पना नसेल.

टॉवरमधील शिरच्छेदांविषयीं लोकांची समजूत बरीच अतिशयोक्त आहे. तटाच्या आंत, हिरवळीवर, ज्यांचीं डोकीं उडविण्यांत आलीं तीं माणसें अवघीं सात. बाकीच्यांना तटाबाहेर टॉवर हिलवर, हजारों लोकांच्या देखत, मारण्यांत येई. खाजगी रीतीनें मरणें हा त्या काळीं एक प्रकारचा मान होता! तो मान मुख्यतः राजघराण्यांतील स्त्रियांना मिळाला. परंतु आंत मरो अगर बाहेर, पुष्कळांचें प्रेत शेवटीं या चॅपेलमध्येंच येई, कारण किल्ल्यांत पुरलेल्या माणसाच्या थडग्यापाशीं त्याचे चाहते जमूं शकत नसत. सत्तेला मेलेल्या माणसाची सुद्धां भीति वाटते, तिचा हा एक नमुना.

१५३५ सालीं बिशप जॉन फिशर व राजाचा माजी चॅन्सेलर सर टॉमस मोर हे दोघे पंधरवड्याच्या अंतरानें मारले गेले. धर्मसंस्थेचा मुख्य राजा आहे, अशी शपथ घेण्यास त्यांनीं नकार दिला, एवढाच त्यांचा अपराध. मोरचें धड येथें आलें, पण डोकें त्याच्या मार्गारेट नांवाच्या मुलीनें मिळवून जपून ठेवलें आणि तें कँटरबरीस तिच्या सासरच्यांच्या कुलदफनभूमींत पुरलें गेलें. बरोबर चारशें वर्षांनीं, १९३५ मध्यें, रोमन कॅथॉलिक चर्चनें या दोघांनाहि संतपद दिलें. फिशर व मोर यांच्यानंतर एका वर्षाच्या आंत राणी अॅन बोलीनची पाळी आली. १५३६ च्या मे महिन्याच्या १९ तारखेस तिचा वध झाला. कुऱ्हाडीऐवजीं तलवारीनें मारण्याची मेहेरबानी करून राजानें त्यासाठीं फ्रान्सच्या बाजूनें खास मारेकरी आणविला होता. ही सारी तयारी करणाऱ्या अधिकाऱ्यांना शवपेटीची मात्र आठवण राहिली नाहीं. अखेर बाण ठेवण्याची एक जुनी लांकडी पेटी शोधून काढण्यांत आली व तींत डोकें आणि धड घालून दासींनीं राणीला चॅपेलमध्यें नेलें, असें सांगतात. माध्यान्ह कलण्यापूर्वीं सर्व कांहीं आटोपलें होतें.

त्यानंतरचीं नांवें नुसतीं मोजलीं तरी पुरे. ज्यानें अॅनचा काटा काढला तो टॉमस क्रॉमवेल १५४० मध्यें येथेंच आला. १५४१ मध्यें सॉल्सबरीची सत्तरीला आलेली उमरावीण मार्गारेट पोल, १५४२ मध्यें हेन्रीची पांचवी राणी कॅथरीन हॉवर्ड व तिची सखी लेडी रॉचफर्ड, १५५२ मध्यें सॉमरसेटचा ड्यूक, १५५३ मध्यें त्याचा प्रतिस्पर्धी नॉर्दंबरलंडचा ड्यूक आणि १५५४ मध्यें, नऊ दिवसांची राणी म्हणून जिचें नांव शाळकरी मुलांस ठाऊक असतें, ती जेन ग्रे. ती त्या वेळीं सोळा-सतरा वर्षांची होती. त्याच शतकांतील बखरकार जॉन स्टो यानें वेदीसमोरचा क्रम लिहून ठेवला आहे : दोन राण्यांच्या मध्यें दोन ड्यूक. या एका वाक्याचा पुढें तीनशें वर्षांनीं मोठा उपयोग झाला. बंडखोर मन्मथचा ड्यूक १६८५ मध्यें आला आणि १७४७ मध्यें मारला गेलेला वृद्ध लॉर्ड लोव्हाट हा शेवटचा. इंग्लंडांत शिरच्छेदाची शिक्षा त्याच्यानंतर कोणाला झाली नाहीं.

परंतु हें सरदार-उमरावांचेंच चर्च होतें, असें मानणें चुकीचें होईल. टॉवर हा लष्करी किल्ला होता. तेथें तोफखाना, दारूगोळ्याचीं कोठारें, टांकसाळ व पहाऱ्याची पलटण असे. गोलंदाज, कारकून, कोठीवाले आणि पहारेकरी आपल्या बायकामुलांसह आंतच राहत. त्यांचीं बारशीं व लग्नें याच चॅपेलमध्यें होत आणि मरण आलें म्हणजे त्याच फरशीखालीं त्यांनाहि जागा मिळे. १७४३ सालीं स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील एका पलटणीला परमुलखांत पाठविणार अशी आवई उठली, तेव्हां शंभरावर शिपाई रात्रीं छावणी सोडून पायीं घराकडे निघाले. त्यांना पकडून आणलें व तिघांना चॅपेलजवळ त्यांच्या सोबत्यांदेखत गोळ्या घातल्या. मरणाऱ्यांत दोघे मॅक्फर्सन आडनांवाचे होते. राण्यांची कथा सांगतांना मार्गदर्शक सहसा या तिघांपाशीं थांबत नाहींत. उलट, १८७१ मध्यें टॉवरचे कॉन्स्टेबल फील्ड मार्शल सर जॉन बर्गॉइन वारले, तेव्हां त्यांना मोठ्या लष्करी इतमामानें येथें पुरण्यांत आलें.

अशा या वास्तूची मधल्या दोन शतकांत मोठी दुर्दशा झाली. ती कोणी शत्रूनें केली नाहीं, तर सोईसाठीं, हळूहळू, भल्या माणसांनींच केली. पलटणीला बसावयास जागा पुरेना म्हणून सज्जे घातले. उंच पाठींचीं बंदिस्त बांकें ठोकलीं. भिंतींना व छताला गिलावा फासला. ट्यूडर काळचें लांकूडकाम त्याखालीं दडपून गेलें. फरशीखालीं थडग्यांवर थडगीं झालीं. मेकॉलेनें आपल्या इंग्लंडच्या इतिहासांत मन्मथच्या वधाचें वर्णन करतांना या जागेचा उल्लेख केला आहे. पृथ्वीच्या पाठीवर याहून खिन्न जागा नसेल, असें सांगून, तिला कारखान्याच्या गांवांतील सभागृहाची कळा आणणाऱ्यांची त्यानें तेथेंच खरडपट्टी काढली. हाच मेकॉलेसाहेब १८३५ सालीं कलकत्त्यास बसून आमच्या पौरस्त्य वाङ्मयाची एका कपाटांत बोळवण करूं पाहत होता! परंतु स्वतःच्या देशांतील जुन्या दगडांबद्दल त्याची जिव्हाळ्याची तळमळ खरी होती, आणि तिचा परिणामहि झाला. तो पाहण्यास मात्र तो राहिला नाहीं. १८५९ मध्यें तो मरण पावला.

जीर्णोद्धाराचें काम १८७६ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या संमतीनें सुरू झालें. मुख्य सल्लागार होते अँथनी साल्व्हिन. जुने किल्ले व गढ्या यांची दुरुस्ती करण्यांत त्यांचा हातखंडा असून टॉवरमधील कांहीं बुरूज त्यांनीं आधींच दुरुस्त केले होते. सरकारी बांधकाम खात्यातर्फे जॉन टेलर हे काम पाहत. सज्जे व बांकें काढलीं, गिलावा खरवडला आणि छताचें लांकूड पुन्हां दिसूं लागलें. सर रिचर्ड चमली हा नवें चॅपेल बांधलें गेलें त्या वेळचा किल्ल्याचा अधिकारी. त्याचें व त्याच्या पत्नीचें एक सुंदर स्मारक-थडगें येथें होतें. दगडांत कोरलेले पतिपत्नी शेजारीं शेजारीं निजलेले, आणि आंत कोणीच नाहीं! तें जागेवरून हलविलें तेव्हां त्याच्या पोकळींत बाप्तिस्म्याच्या जुन्या दगडी पात्राचे तुकडे मिळाले. क्रॉमवेलच्या धर्मवेड्या काळांत कोणी तरी ते लपविले असावेत, असा तर्क आहे. तें पात्र सांधून पुन्हां वापरांत आणलें. साऱ्या जीर्णोद्धारांत निर्भेळ आनंदाची अशी हीच एक गोष्ट म्हणावयाची.

खरा प्रश्न फरशीचा होता. ती ठिकठिकाणीं खचली होती आणि खालची जमीन पोकळ झाली होती. भक्कम पाया घातल्यावांचून नवी फरशी टिकणें शक्य नव्हतें, आणि पाया घालावयाचा म्हणजे खणणें आलें. मुख्य दालनांत खणतांच शेंकडों सामान्य माणसांचीं हाडें निघालीं. कोणाचें कोणतें हें ओळखण्याची सोयच नव्हती. तीं गोळा करून शेजारच्या तळघरांत नेलीं व तेथें एकत्र बंदिस्त केलीं. वेदीसमोरच्या भागाला हात लावूं नये, अशी प्रथम इच्छा होती. परंतु तेथीलहि फरशी खचलेली आढळली. तेव्हां अत्यंत आदरानें काम करावें व जें जें सांपडेल त्याची तंतोतंत नोंद ठेवावी, अशा अटीवर राणीनें परवानगी दिली. ही नोंद राणीच्या खाजगी खर्चाच्या कचेरींतील डॉइन बेल या गृहस्थानें केली व १८७७ मध्यें ग्रंथरूपानें छापली. त्यामुळेंच आज या प्रकरणाची इतकी बारीक माहिती मिळते.

हाडांची परीक्षा करण्यासाठीं बोलाविलेला डॉक्टर भारतीय वाचकांस अगदींच परका नाहीं. फ्रेडरिक जॉन मौअट हे त्याचें नांव. बंगालच्या वैद्यकीय नोकरींत त्याचें आयुष्य गेलें. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत तो प्राध्यापक होता. कलकत्त्यास विद्यापीठ असावें अशी योजना १८४५ सालीं सुचविणाऱ्यांत तो होता, आणि पुढें तो बंगालच्या तुरुंगांचा मुख्य तपासनीस झाला. १८५७ चा उठाव मोडल्यावर इतक्या कैद्यांना ठेवावें कोठें, हा प्रश्न सरकारला पडला. तेव्हां अंदमान बेटांची पाहणी करण्यासाठीं जी समिती गेली तिचा अध्यक्ष हाच मौअट. त्याच्या अहवालावरून मार्च १८५८ मध्यें कैद्यांची पहिली तुकडी तेथें उतरली. लंडनमध्यें पकडले गेलेले विनायक दामोदर सावरकर १९११ सालीं त्याच बेटावर पोंचले. जिवंत बंदिवानांना कोठें ठेवावें हें ज्यानें ठरविलें, त्याच्यासमोर उतारवयांत तीनशें वर्षांपूर्वींच्या बंदिवानांचीं हाडें ओळख पटविण्यासाठीं मांडलीं गेलीं.

नोव्हेंबर १८७६ मध्यें, स्टोच्या वाक्याचा आधार घेऊन, अॅन बोलीनची म्हणून जी जागा मानीत असत तेथील फरशी उचलली. सुमारें दोन फूट खोलीवर एका स्त्रीचीं हाडें मिळालीं. तीं जागच्या जागीं नव्हतीं. मागें केव्हां तरी दुसऱ्या कोणाला पुरतांना तीं एका बाजूस गोळा करून रचलेलीं दिसत होतीं. मौअटनें तीं तपासून सांगितलें कीं, स्त्री पंचवीस ते तीस वर्षांची, नाजूक बांध्याची, लहान हातापायांची असावी. समितीनें तीच अॅन बोलीन असें ठरविलें. जवळच उंच बांध्याच्या एका पुरुषाचीं हाडें निघालीं, तीं नॉर्दंबरलंडचीं मानलीं. एका वृद्ध स्त्रीचीं हाडें मार्गारेट पोलचीं ठरलीं. कॅथरीन हॉवर्डचा मात्र कांहींच माग लागला नाहीं. जमिनींत चुना आढळला, त्यावरून त्या कोवळ्या वयाच्या मुलीचीं हाडें विरून गेलीं असावीं, असें अनुमान काढण्यांत आलें.

या निर्णयावर कितपत विश्वास ठेवावा? समितींतील माणसें प्रामाणिक होतीं, यांत शंका नाहीं. परंतु त्यांच्यापाशीं साधनें तुटपुंजीं होतीं. क्ष-किरण त्या वेळीं अज्ञात होते आणि हाडांचें वय काढण्याच्या आजच्या रासायनिक रीतींचा पत्ता नव्हता. होतें काय, तर एका बखरकाराचें वाक्य आणि एका अनुभवी डॉक्टरची नजर. त्यांतून अॅनचें जन्मवर्षच वादग्रस्त आहे. कोणी १५०१ म्हणतात, कोणी १५०७. दुसरें वर्ष खरें मानलें तर मौअटचा अंदाज बरोबर जुळतो. पहिलें खरें मानलें तर ती मरतेवेळीं पस्तिशीची होती आणि हीं हाडें तिचीं नव्हेत, असेंहि होऊं शकतें. कांहीं अभ्यासकांनीं तर तीं कॅथरीन हॉवर्डचींच नसतील कशावरून, असा प्रश्न केला आहे. म्हणजे आज ज्या नांवाच्या दगडापुढें लोक माना लववितात, त्याखालीं त्याच नांवाची व्यक्ति आहे, हें संभवनीय आहे, सिद्ध नाहीं. तरीहि समितीनें एक गोष्ट निःसंशय योग्य केली. एप्रिल १८७७ मध्यें प्रत्येकाच्या अस्थि शिशाच्या वेगवेगळ्या पेट्यांत भरल्या, त्या ओकच्या जाड लांकडी पेट्यांत ठेवल्या, वर नांवें घातलीं आणि जेथें त्या सांपडल्या तेथेंच पुन्हां पुरून वर काँक्रीट घातलें. त्यावर रंगीत संगमरवरी फरशी बसवून तींत प्रत्येकाचें नांव व ढालचिन्ह घातलें. बाणांच्या पेटींत पुरलेल्या राणीला तीनशें एकेचाळीस वर्षांनीं शवपेटी मिळाली.

योगायोग असा कीं, त्याच १८७७ च्या मार्च महिन्यांत विल्यम मॉरिसनें लंडनमध्यें जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठीं आपली सुप्रसिद्ध संस्था काढली. जीर्णोद्धार या नांवाखालीं जुनें खरवडून टाकून, पूर्वीं असें असावें अशा कल्पनेनें नवें घडविणें, म्हणजे इमारतीची हत्याच होय, असा मॉरिसचा पक्ष. साल्व्हिनच्या पिढीच्या कामावर त्याचा विशेष रोख होता. संत पीटरच्या चॅपेलमध्यें काढलेले सज्जे व बांकें हींसुद्धां दीडदोनशें वर्षांच्या शिपायांच्या भक्तीची साक्ष होतीच. ती साक्ष पुसली गेली, हें मॉरिसच्या बाजूनें म्हणतां येईल. आपल्याकडे जुन्या काळ्या पाषाणाच्या देवळांवर तैलरंगाचे थर चढविण्याची हौस ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना मात्र गिलावा खरवडणाऱ्या साल्व्हिनची बाजू अधिक पटावी. दोन्ही पक्षांत तथ्य आहे आणि हा वाद त्या देशांतहि अद्याप मिटलेला नाहीं.

आज टॉवरमध्यें तुरुंग नाहीं, पण चॅपेल चालू आहे. किल्ल्यांत राहणाऱ्या पहारेकऱ्यांचीं कुटुंबें तेथें रविवारीं उपासनेस जमतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दरवर्षीं १९ मे रोजीं राणी अॅनच्या नांवानें लाल गुलाबांचा गुच्छ तेथें येऊं लागला.

२०१९ मध्यें पंगु व वृद्ध लोकांना आंत जाणें सुलभ व्हावें म्हणून चॅपेलच्या दाराशीं खोदकाम करण्यांत आलें. तेथें दोन सांगाडे मिळाले. एक पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीचा आणि एक सुमारें सात वर्षांच्या मुलाचा. १४५० ते १५५० या काळांत केव्हां तरी त्यांना पुरलें असावें. या वेळीं तपासणीची सर्व आधुनिक साधनें हाताशीं होतीं. दोघांच्याहि हाडांवर आजाराच्या खुणा आढळल्या. शस्त्राच्या घावाची खूण नव्हती. किल्ल्यांतील एखाद्या कोठीवाल्याच्या अगर पहारेकऱ्याच्या घरचीं तीं माणसें असावींत. त्यांचीं नांवें कळलीं नाहींत. तपासणी झाल्यावर प्रार्थना म्हणून दोघांनाहि पुन्हां चॅपेलमध्यें पुरण्यांत आलें.